उल्हासबाबांचं गोड निदान

उल्हासबाब डॉक्टरविषयी वाईट बोलणारा माणूस गोव्यातल्या साखळी गावच्या बाजारात शोधलात, तर मी एकटाच सापडेन. गेल्या साली तो दवाखाना बंद करून मुलाकडे राहायला गेला, तेव्हा बाजारकरांनी त्याला शाल, नारळ आणि भलीमोठी समई दिली. वर्गणी मागायला माझ्याकडेही आले होते. मी दिली नाही. त्यांच्यातला एकजण म्हणाला, "सोमाशेट, इतकी वर्सां आमच्या पोरांचे दात बघितले त्यांनी!" मी म्हटलं, "तेच सांगतोय. बघितले आणि गप्प बसला." त्याला वाटलं मी चेष्टा करतोय. चेष्टा नव्हती, म्हणून आता सविस्तर लिहितो.

मी जुने ट्रक घेतो आणि विकतो. दोडामार्गाकडून इकडे आलो तो खाणीच्या ट्रकवर क्लीनर म्हणून. मग ड्रायव्हर झालो, मग स्वतःचा एक ट्रक घेतला. खाणी बंद पडल्या तेव्हा बाकीचे ट्रक विकून रडत बसले, मी त्यांचेच ट्रक घेतले. या धंद्यात मी एकच गोष्ट शिकलो. विकणारा तोंडाने काय म्हणतो ते ऐकायचं नाही, त्याचा हात कुठे जातो आणि कुठून मागे येतो ते बघायचं. चासीला वेल्डिंग असेल तर मालक बरोबर त्याच बाजूला पाठ करून उभा राहतो. एवढ्या विद्येवर माझं घर चाललं. डॉक्टरचं माप मी काढलं तेही याच विद्येने. त्याच्या भिंतीवरची सर्टिफिकिटं वाचून नव्हे.

त्याचा दवाखाना पहिल्या माळ्यावर, खाली पदेराची बेकरी. सकाळी भट्टीतल्या पावाचा वास जिन्यातून वर जायचा आणि दाढ दुखणाऱ्या माणसालाही भूक लागायची. वर गेलं की उल्हासबाब उभा. इस्त्रीचा पांढरा शर्ट, कपाळाला बारीक गंध, आणि आवाज असा की नाटकातला राजा स्वगत म्हणतोय. लहान पोराच्या तोंडात आरसा घालण्याआधी तो आरसा कोमट पाण्याच्या पेल्यात बुडवायचा, थंड लोखंड ओठाला लागू नये म्हणून. हे मी स्वतः बघितलंय आणि खोटं कशाला बोलू, हे मला आवडलं होतं. पोरं त्याच्या खुर्चीत रडत नसत. "आऽ करा, आत मांजर बसलंय का बघूया," म्हणायचा आणि पोरगं खरंच मांजर दाखवायला तोंड उघडायचं.

पोरांच्या दातांत जे काही वेडंवाकडं असतं त्या सगळ्याला त्याने नावं ठेवली होती. दोन दात एकमेकांना चिकटून उगवले तर ती 'जुळी'. एखादा दात मुळातच तयार झाला नसेल तर 'हा गावाला गेलाय'. बाजूचा दात सुळ्यासारखा बारीक राहिला तर 'तांदळाचा दाणा'. दातावर पांढरे डाग असले तर 'ढग'. आणि मोजून हवेत त्यापेक्षा एखादा दात जास्त असला तर त्याला तो म्हणायचा 'पाहुणा'. "वहिनी, तुमच्या पोराच्या तोंडात पाहुणा आलाय!" वहिनी हसायच्या, पोर हसायचं, सगळे हसत हसत जिना उतरायचे आणि खाली पदेराकडून उंडे पाव घेऊन घरी जायचे. काय झालंय, किती गंभीर आहे, पुढे काय करायचं, हे विचारायचं त्यांच्या लक्षातच राहत नसे. रोगाचं नाव घेऊन कोणी त्या दवाखान्यातून बाहेर पडलंय असं मला आठवत नाही.

त्याला विद्या नव्हती असं कोणी समजू नये. होती, आणि चांगली होती. अडाणी असता तर मी हे लिहायला बसलोच नसतो. अडाण्यावर मी रागावत नाही, मी स्वतः सातवीत शाळा सोडलेली आहे.

त्याला एकच रोग होता. समोरच्या माणसाचा चेहरा पडलेला त्याला बघवत नसे.

मासळी बाजारात गेला की तो एका बाईकडून मासळी घेत नसे. तिघीचौघी ओळीने बसलेल्या, सगळ्यांकडून थोडं थोडं घ्यायचा. एकीकडून घेतलं तर दुसरीला वाईट वाटेल ना! एकदा शेवटच्या बाईकडचे बांगडे कुसके होते. याने कल्ला उघडून बघितला, बोटाने दाबून बघितला, आणि घेतले. वर जाताना ते बांगडे पदेराच्या मांजरापुढे टाकले. मी खाली पाव घेत उभा होतो.

"डॉक्टर, मासळी खराब आहे हे तिला का नाही सांगितलंत?"

"गरीब बाई हो, सोमनाथबाब. सकाळच्या पारी कोणाचं मन कशाला मोडायचं?"

ती बाई दुपारपर्यंत तेच बांगडे विकत बसली होती. घेणाऱ्या सगळ्यांकडे मांजर होतं असं नाही.

गावच्या जत्रेतल्या नाटकात तो दरवर्षी असायचा. कायम राजा, नाहीतर साधू, नाहीतर शेवटी सगळ्यांना क्षमा करणारा बाप. एका वर्षी कपटी प्रधानाचं काम करणारा आयत्या वेळी आजारी पडला आणि ते काम याच्या गळ्यात आलं. प्रधानाने राजाच्या लहान मुलाला रानात हाकलून द्यायचं, असा प्रवेश. उल्हासबाब स्टेजवर आला, पोराच्या डोक्यावरून हात फिरवला, डोळ्यांत पाणी आणलं आणि इतक्या मायेने त्याला रानात पाठवलं की लोकांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्या प्रवेशात राजा तलवार उपसून प्रधानावर धावला, तर मागून कोणीतरी ओरडला, "रे, त्या बऱ्या मनशाक कित्याक मारता?" सगळा मांडव हसला. नाटक तिथेच बसलं. ही गोष्ट लोक अजून कौतुकाने सांगतात. मीही तेव्हा पोट धरून हसलो होतो. शिव्या खाण्याचं काम होतं, आणि नाटकातसुद्धा ते त्याला झेपलं नाही, याचा अर्थ मला नंतर लागला.

मग त्याची गाडी. जुनी झाली होती, गिऱ्हाईक बघा म्हणाला. मी इंजिन ऐकलं आणि सांगितलं, "रेडिएटर गेलाय. घेणाऱ्याला तेवढं सांगा, भाव थोडा उतरेल पण पुढे कटकट नको." त्याने मान हलवली. गिऱ्हाईक म्हणून डिचोलीचे एक मास्तर बायकोला घेऊन आले. बाई आत बसली, सीटवरून हात फिरवला आणि नवऱ्याकडे बघून हसली. झालं. उल्हासबाब म्हणाला, "वहिनी, ही गाडी म्हणजे आमच्या घरचं माणूस." रेडिएटरचा र सुद्धा काढला नाही. मला वाटलं, नंतर एकटं गाठून मास्तरांना सांगेल. मास्तर सहकुटुंब तेरेखोलचा किल्ला बघायला निघाले आणि केरीच्या अलीकडे गाडीने धूर सोडला. भर उन्हात पोरांना घेऊन रस्त्यावर उभे राहिले बिचारे. दुसऱ्या दिवशी माझ्या अंगणात येऊन माझा उद्धार केला, कारण दलाल मी. रेडिएटर मी बदलून दिला आणि तसाच दवाखान्याचा जिना चढलो.

"डॉक्टर, सांगितलं का नाहीत?"

"त्या बाईचा चेहरा बघितलात ना तुम्ही? किती खूश होती! कसं सांगणार?"

मी काही संत नाही. मीही गाड्यांचे दोष झाकतो, धंदाच तसा आहे. पण मी फायद्यासाठी झाकतो, आणि झाकताना मला ठाऊक असतं की मी झाकतोय. हा मात्र दोष झाकायचा आणि वर स्वतःला देवमाणूस समजायचा. असल्या माणसाशी सौदा करणं म्हणजे डोक्याला ताप.

इथपर्यंत सगळं बांगड्यांचं आणि रेडिएटरचं होतं. मग माझ्या मुलीची पाळी आली.

तन्वी तेव्हा सात वर्षांची. वरचा पुढचा एक दात आला, चांगला रुंद, फावड्यासारखा. शेजारचा दुधाचा दात पडून कितीतरी महिने झाले तरी तिथे नुसती गुलाबी हिरडी. मी तिला उल्हासबाबकडे नेलं. बरोबर बायको आणि इब्रामपूरहून आलेली माझी सासू. सासू म्हणजे मायाळू बाई, पण दाताच्या डॉक्टरला भ्यायलेली. तिच्या भावाच्या तोंडात काहीतरी वाईट झालं होतं, हिरडी कापली आणि त्यानंतर तो माणूस फार दिवस राहिला नाही. तेव्हापासून हिरडी म्हटलं की तिचा पदर डोळ्यांना.

उल्हासबाबने आरसा कोमट केला, मांजर विचारलं, तन्वीने आ केलं. मग त्याने बोट आत घालून टाळूवरून सावकाश फिरवलं. रिकाम्या जागेच्या मागे आल्यावर बोट थांबलं. पुढे गेलं, परत मागे आलं आणि त्याच जागी दाबलं. मी खुर्चीच्या बाजूलाच उभा होतो, मला स्वच्छ दिसलं.

"काय डॉक्टर?" मी विचारलं.

त्याने माझ्याकडे बघितलंच नाही. माझ्या सासूकडे बघितलं. ती तोवर मुसमुसायला लागली होती. "डॉक्टरांनु, कापूक तेवढा सांगू नकात हां माझ्या नातीक."

"कापायचं नाव कशाला काढता, मामी?" त्याने बोट पुसलं. "हा दात म्हणजे राजा. राजे दरबारात उशिराच येतात. वाट बघूया."

सासूच्या तोंडावर हसू आलं. बायकोच्याही. कोपऱ्यात एक्स-रे फोटो काढायचं यंत्र होतं, त्याच्यावर क्रोशाचं झाकण आणि झाकणावर प्लास्टिकच्या फुलांची फुलदाणी. मी म्हटलं, "फोटो काढून बघूया का आत काय आहे ते?"

"एवढ्याशा पोरीला फोटो कशाला? घाबरेल ती."

"मी नाय घाबरत," तन्वी म्हणाली.

त्याने तिचा गालगुच्चा घेतला.

वर्ष गेलं. राजा आला नाही. तन्वीच्या वर्गातल्या सगळ्या पोरींचे दोन्ही दात आले. मी परत तिला घेऊन गेलो, यावेळी डोकं गरम करूनच. सासू परत बरोबर, तिला कळलं की ती पहिल्या बसने येते. मी जिना चढता चढताच म्हटलं, "डॉक्टर, तुमचा राजा येता की मेलो वाटेत? आज फोटो काढल्याशिवाय मी जाणार नाही." सासूने लगेच तन्वीला पोटाशी धरलं. "फोटो काढले की मगे कापूक सांगतत. माझ्या भावाचा असाच झाला." तिची आसवं सुरू.

उल्हासबाबची खरी पंचाईत झाली. एका बाजूला मी लाल झालेला, दुसऱ्या बाजूला म्हातारी रडणारी. फोटो काढला तर ती दुखावते, नाही काढला तर मी. त्याने क्षणभर दोघांकडे बघितलं, आणि मग त्याला जे सुचलं ते त्यालाच सुचावं.

"मामी, असं करा. इब्रामपूरला तुमच्या देवाला प्रसाद लावून बघा. देव सांगेल तसं करू."

आमच्याकडे लग्न, जमीन, विहीर, कशातही मन अडलं की देवाला प्रसाद लावतात. ओल्या पाकळ्या मूर्तीला चिकटवायच्या, गुरवाने गाऱ्हाणं घालून प्रश्न विचारायचा. उजवी पाकळी पडली तर होय, डावी पडली तर नाही. मी हे मानतो. पहिला ट्रक मी प्रसाद लावूनच घेतला आणि त्या ट्रकने मला कधी दगा दिला नाही. म्हणून मीही गप्प झालो. देवाचं नाव काढल्यावर कोण वाद घालणार? हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

आम्ही इब्रामपूरला गेलो. गुरवाने विचारलं, "डॉक्टर काय म्हणतत?" सासू म्हणाली, "डॉक्टर म्हणतत, दात आपसूक येतलो." गुरव देवापुढे उभा राहिला. "बा देवा म्हाराजा, ह्या चेडवाचो एक दात अडकलो हा. डॉक्टर म्हणतत तो आपसूक येतलो. तां खरां असात तर उजवी दी म्हाराजा!" आम्ही सगळे म्हणालो, "होय म्हाराजा!" थोड्या वेळाने उजवी पाकळी पडली. सासूने बोटं मोडून तन्वीची दृष्ट काढली. मीही हात जोडले.

देवाला काय विचारलं ते बघा. डॉक्टर आपसूक येईल म्हणतो, खरं का? डॉक्टरच्या बोटाला काय लागलं होतं, हे देवाला कोणी सांगितलंच नाही. ते एकाच माणसाला ठाऊक होतं, आणि तो इब्रामपूरला आला नव्हता.

प्रसाद मिळाला म्हणून आणखी एक वर्ष गेलं. रिकाम्या जागेकडे शेजारचे दात कलायला लागले. तन्वी हसताना तोंडावर तळहात धरायला लागली. मग बोलतानाही. शाळेत धडा वाचायला तिचाच हात पहिला वर असायचा, तो वर जायचा बंद झाला. बाईंनी विचारलं तर घसा दुखतो म्हणायची. एके दिवशी जेवताना मला म्हणाली, "पप्पा, देवान सांगलेलो दात खंय रवलो?" त्याच आठवड्यात मी सासूला न कळवता तिला पणजीकडच्या मोठ्या इस्पितळात नेलं.

तिथे पोरांचे दात बघणारी एक तरुण डॉक्टरीण होती. केस घट्ट बांधलेले, तोंडावर हसू नाही. मांजर नाही, राजा नाही. "आ कर." बोट फिरवलं, थांबलं. "इथे गाठ लागते. फोटो काढून या." फोटो आला. तिने तो उजेडावर धरला आणि पेनच्या टोकाने दाखवलं.

"हा जास्तीचा दात. बारीक, सुळ्यासारखा. आणि उलटा आहे, टोक वर नाकाकडे. हा त्याच्या वर दिसतोय तो तुमच्या मुलीचा खरा दात. याने त्याची वाट अडवलीय, म्हणून तो तिरका झालाय."

"मग आता?"

"जास्तीचा काढायचा. खऱ्या दाताला कडी चिकटवून बारीक साखळीने हळूहळू खाली ओढायचं. वर्षभर तरी लागेल."

"येईल ना?"

"खात्री देत नाही. मूळ जवळजवळ पुरं होत आलंय, म्हणजे आपणहून खाली यायचा जोर संपत आला. दोन वर्षांपूर्वी जास्तीचा काढला असता तर हा बहुतेक आपणच आला असता." मग फोटो खाली ठेवला. "एका बाजूचा दात आला आणि दुसरा सहा महिन्यांत आला नाही, तर फोटो काढायचा असतो. आणि ही गाठ बोटाला लागते. आधी कोणी बोट फिरवून बघितलं नव्हतं?"

माझ्या डोळ्यांपुढे ते बोट होतं. पुढे गेलेलं, मागे आलेलं, दाबलेलं. इतकी वर्षं मी लोकांचे हात वाचून पोट भरलं, आणि तो हात मी बघत असताना मला वाटलं होतं, किती काळजीने बघतोय डॉक्टर!

त्या डॉक्टरणीने मी गोरामोरा झालोय की काळा पडलोय हे एकदाही मान वर करून बघितलं नाही. मला ती फार आवडली.

ऑपरेशन झालं. तन्वीचा ओठ सुजून हा एवढा झाला. तिला घरी निजवून मी तसाच साखळीला येऊन दवाखान्याचा जिना चढलो. भर दुपार, दवाखान्यात कोणी नव्हतं. उल्हासबाब येत्या जत्रेच्या नाटकातलं भाषण पाठ करत बसला होता.

"डॉक्टर, एकच विचारतो. पहिल्या दिवशी तुमच्या बोटाला ते लागलं होतं की नाही?"

नाही म्हणाला असता तर मी चार शिव्या घालून परत आलो असतो आणि विषय संपला असता. पण तो खाली बघून म्हणाला, "लागलं होतं, सोमनाथबाब."

"पाहुणा?"

"असावा असं वाटलं."

"मग बोललात का नाही?"

"तुमच्या सासूबाई रडत होत्या."

मी टेबलावर मूठ मारली. आरशाचा पेला उलटला आणि पाणी त्याच्या वहीवरून माझ्याकडे धावलं. हा मनुष्य ताडकन उठला, फडकं घेतलं आणि मला विचारतो, "गरम पाणी होतं हो, तुमच्या हातावर नाही ना पडलं?"

त्याला मारावं असं मला तेव्हा वाटलं. उलटून बोलला असता तर मारलंही असतं. पण माझा हात पुसायला आलेल्या माणसाला मारायचं कसं? तो असाच सुटायचा, सगळ्यांच्या हातून, आयुष्यभर. मी खाली येऊन पदेराच्या कट्ट्यावर बसून राहिलो. पदेर म्हणाला, "डॉक्टरांकडे भांडलास? अशा माणसाकडे?"

घरीही तेच. मी सगळं सांगितलं तर बायको म्हणाली, "पण त्यांच्या मनात वाईट नव्हतं." सासू म्हणाली, "बापडो माझ्या जिवाक जपत होतो." तिच्या जिवाला जपला, हे खरंच. साखळी मात्र माझ्या पोरीच्या तोंडात होती. महिन्यातून एकदा ती ताणून घ्यायला पणजीला जायचं, दोन दिवस पेजेवर राहायचं, आणि आरशात बघून विचारायचं, "थोडो खाली इलो?" मला दिसत नसे, आणि मी तसंच सांगायचो. तिच्याशी खोटं बोलायचं नाही असं मी ठरवलं होतं. त्यावर ती रुसायची आणि बायको माझ्यावर चिडायची.

शेवटी दात आला. वर्ष उलटून गेल्यावर आला. त्याच्यावरची हिरडी शेजारच्यापेक्षा थोडी वर राहिली आहे, मोठी झाल्यावर ती सारखी करता येईल म्हणतात. सासू म्हणाली, "बघलास? प्रसाद खोटो पडाक नाय." मी कपाळावर हात मारून घेतला.

आणि मग बायकोने टुमणं लावलं. एकदा उल्हासबाबांना दाखवून येऊया, त्यांच्या जिवाला लागून राहिलंय, त्यांना बरं वाटेल. वाट लागली आमच्या पोरीची, आणि बरं वाटायला हवं त्याला! मी नाही म्हटलं, तर ती तन्वीला घेऊन निघाली. तिथे जाऊन ती त्याचे आभार मानेल या भीतीने मी बरोबर गेलो.

बायको आणि तन्वी बाहेरच्या बाकावर बसल्या. मी आतल्या दारात उभा राहिलो. खुर्चीत एक लहान मुलगी होती, बाजूला तिची आई. मुलीच्या वरच्या पुढच्या दोन दातांत बोट जाईल एवढी फट. उल्हासबाबने नुकतंच तिच्या तोंडातून बोट काढलं होतं.

आई म्हणाली, "काय नाय मगे, डॉक्टर? आमच्या घरात सगळी म्हणतत, फटीचे दात नशिबाचे."

त्याने हसायला तोंड उघडलं. आता काय बाहेर पडणार ते मला पाठ होतं. तेवढ्यात त्याची नजर दारात गेली. मला बघितल्यावर त्याचं हसू अर्ध्यावर राहिलं. त्याने आईकडे बघितलं, परत माझ्याकडे बघितलं. मग घसा साफ केला.

"बाई, फोटो काढायला हवा. दोन दातांच्या मध्ये आत जास्तीचा दात असेल असं मला वाटतं. असला तर तो काढावा लागेल. उशीर करून चालणार नाही."

त्या दवाखान्यात इतकं सरळ वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं. आणि ऐकताना मला त्याची जी किळस आली ती त्याच्या सगळ्या गोड बोलण्याची कधी आली नव्हती. त्या मुलीसाठी तो खरं बोलला नव्हता. त्या खोलीत त्या वेळी सगळ्यांत रागीट चेहरा माझा होता, तो त्याला खूश करायचा होता. बोलून झाल्यावर त्याने माझ्याकडे बघितलं ते सुद्धा कसं? टाळी कुठून येते ते बघणाऱ्या नटासारखं.

"कापूचा?" आईचे डोळे भरले. "एवढ्याशा पोरीक कापूचा?"

मागून बायकोने माझी बाही ओढली. "चला, आपण बाहेर बसूया. त्यांना त्यांचं काम करू दे." मी एक पाऊल मागे घेतलंही. तर लगेच उल्हासबाबचा आवाज मऊ झाला. तो आईच्या बाजूला वाकला. "तसं घाबरण्यासारखं काही नाही हो. कधीकधी आपसूकही—"

मी आत गेलो. भिंतीजवळचं स्टूल ओढलं आणि खुर्चीच्या समोर बसलो.

आईला कळेना हा कोण माणूस आहे. "हे कोण?" तिने विचारलं.

"फोटो आजच काढू," उल्हासबाब म्हणाला.

मुलीला त्याने फिल्म दातांत धरायला दिली. ती अजिबात घाबरली नाही. आई मात्र पदराने डोळे टिपत होती, आणि तिचा प्रत्येक हुंदका आला की त्याची मान तिकडे वळायची, मग मी बसलोय हे आठवून परत यंत्राकडे वळायची. बाहेर तन्वी कंटाळून पाय हलवत होती, तिचा नवा दात अजून कोणी बघितलाही नव्हता. बायको दारातून मला डोळे वटारत होती. मी हललो नाही. उठलो असतो तर त्याने सगळं मागे घेतलं असतं, हे मला माझ्या नावाएवढं ठाऊक होतं.

फिल्म धुऊन झाली. तो ती चिमट्यात धरून खिडकीपाशी गेला, उजेडात बघितली, आणि ओलीच घेऊन परत आला. आई पुढे झाली, तिने हात पुढे केला.

त्याने ती आधी मला दाखवली. मग तिला.